बनगरवाडी संपली. आता आण्णांना काय वाचून दाखवू?

हळदीचे_हात (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न एका ओळीचा आहे, पण नीट कळावा म्हणून जरा पाल्हाळ लावते.

माझे सासरे, घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतो, वय ८१. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर. त्यातली बहुतेक आटपाडी आणि जतकडच्या वाड्या-वस्त्यांवर, एकशिक्षकी शाळांत. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेल्यात जमा आहेत. उजेड कळतो, अक्षर कळत नाही. चष्मा मात्र अजून लावतात. अंघोळ झाली की आधी चष्मा, मग चहा.

दिवाळीनंतर मी त्यांना रात्री वाचून दाखवायला लागले. मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब लिहिते. घरी येऊन भाकरी, जेवणं, भांडी आटपली की साडेनऊला आमची बैठक. आण्णा कॉटवर अडकित्ता घेऊन, मी खाली चटईवर. पहिलंच पुस्तक त्यांनी मागितलं ते व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी, धनगरांच्या वाडीवर आलेल्या मास्तरची कादंबरी. त्यांची स्वतःची प्रत होती, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा ट्रंकेसकट गेली. मी वाचनालयातनं आणली.

पुस्तक एवढंसं. एकट्यानं वाचलं तर दोन दिवसांत होतंय. आम्हाला अठरा रात्री लागल्या. कारण दर पानाला आण्णा हात वर करायचे, "थांब." मग त्यांच्या शाळेतला कुणीतरी निघायचा. पुस्तकातल्या कारभाऱ्यावरनं त्यांचा कारभारी, तालमीवरनं त्यांनी लोकवर्गणीतनं उभी केलेली भिंत. मधेच म्हणायचे, "हितं तांबड्या पेन्सिलची रेघ हाय बघ." ती रेघ त्यांच्या प्रतीत होती, पुरात गेलेल्या. मी म्हणायची, "हो आण्णा, आहे."

शेवटी दुष्काळ पडतो, वाडी उठते, मास्तरची शाळा ओस पडते. ते वाचून झालं तेव्हा अडकित्ता थांबला होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, "बहात्तरला माझ्या पटावर एकवीस होती. संक्रांतीला चार उरली. बाकीची आईबापासंगं खडी फोडाय." आणि झोपले.

तेव्हापासून काही लागत नाही. एक आठशे पानी ऐतिहासिक कादंबरी आणली, तिसऱ्या रात्री म्हणाले, "ह्यात समदी भाषणंच ठोकत्यात. कुणी घाम पुसत न्हाई." मोबाईलवर ऐकायच्या पुस्तकांचं ॲप घालून दिलं, तर म्हणे ही मिरज जंक्शनवरची बाई हाय, गाडी कुठल्या फलाटावर येतीय तेवढं सांगंल. आता साडेनऊ वाजले की नुसते बसतात. मी पण बसते.

तर सांगा, बनगरवाडीनंतर काय? वाचनालयातल्या काकांना विचारलं होतं. त्यांनी पुस्तकाचे पिवळे कोपरे बघितले आणि म्हणाले, "वहिनी, पिठलं सांडलं का यावर?" पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

माणगंगेचा_कोरडा_काठ

ताई, मी आटपाडीचाच. तुमच्या आण्णांनी शिकवलेला एखादा आमच्या भावकीत सापडेल.

सरळ उत्तर: माणदेशी माणसं. १९४९ चं, म्हणजे बनगरवाडीच्या सहा वर्षं आधीचं. कादंबरी नाही, एकेक माणूस सुटा. तुम्हाला बरं पडेल, एका रात्री एक माणूस. गोष्ट पुढं न्यायची नाही, त्यामुळे आण्णांनी कितीही वेळा थांब म्हटलं तरी धागा तुटायची भीती नाही.

एकच सावधगिरी. त्याच लेखकाचं आहे म्हणून पाठोपाठ सत्तांतर आणू नका. ते वानरांवर आहे. माणूस बोलतच नाही. धनगरवाड्यातनं उठून थेट झाडावर चढल्यासारखं होईल.

दीडशहाणा_मिरजकर

मिरज जंक्शनच्या बाईबद्दल निषेध. तिचा उच्चार तुमच्या-आमच्यापेक्षा स्वच्छ आहे.

एवढं वाचत बसायचं कशाला? शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि स्वतः व्यंकटेश माडगूळकर, तिघं मिळून गावोगाव कथाकथन करायचे. आण्णांनी तरुणपणी कुठंतरी ऐकलंही असेल. यूट्यूबवर रेकॉर्डिंग मिळतात. फोन उशाशी ठेवा, तुम्ही झोपा.

हळदीचे_हात

मिरजकर, शंकर पाटलांची 'धिंड' ही कथा लावून बघितली. हसले, खूप हसले. पण फोनला "थांब" म्हटलं तर तो थांबत नाही हो. दोनदा हात वर केला, तो आपला पुढं पुढं. मग खाली घेतला.

खडूफळा (कऱ्हाड)

तुमच्या या शेवटच्या दोन ओळींत निम्मं उत्तर आहे.

मी चौथीला शिकवते. रोज शेवटच्या तासाला पोरांना वाचून दाखवते, बावीस वर्षं झाली. डोळ्यांनी वाचायचं पुस्तक वेगळं आणि तोंडानं वाचायचं वेगळं. चांगलं पुस्तकसुद्धा मोठ्यानं वाचताना मरतं. माझी एक परीक्षा आहे. पुस्तक घरी आणलं की भाजी परतताना पहिलं पान मोठ्यानं वाचायचं. पूर्णविरामाच्या आत श्वास तुटला, की ते डोळ्यांचं पुस्तक. बाजूला ठेवायचं. बनगरवाडीची वाक्यं बघा, छोटी छोटी, चालताना बोलल्यासारखी. तुमच्या आठशे पानीत एकेक वाक्य तीन ओळींचं असणार, पैजेवर सांगते.

दुसरं असं की सगळं सांगून टाकणारं पुस्तक ऐकणाऱ्याला गप्प बसवतं. आण्णांना थांब म्हणायला फट पाहिजे. बनगरवाडीतला मास्तर रडगाणं गात नाही, बघतो आणि सांगतो. उरलेलं आण्णांनी भरलं, म्हणून अठरा रात्री लागल्या. तेव्हा "माणदेशातलं अजून काय" असं शोधू नका. कमी बोलणारं पुस्तक शोधा, मग ते कुठलंही असो.

आणि माणगंगा दादांशी माझं जमत नाही. सत्तांतर जरूर आणा. छोटं आहे, १९८२ चं, साहित्य अकादमी मिळालेलं. टोळ्या, हद्द, म्हातारा नर, नवा नर. ज्यानं चौतीस वर्षं गावकी बघितली त्याला त्यात काय दिसेल हे मलाच ऐकायचंय. आमची चौथीची पोरं तर त्यातली आठ पानं जीव मुठीत धरून ऐकतात.

माणगंगेचा_कोरडा_काठ

बाई, चौथीच्या पोरांना माकडं आवडणारच.

पोवई_नाक्यावरनं

सातारकर, एसटीत कंडक्टर होतो, आता घरी. माझं मत कुणालाच पटणार नाही. आठ-पंधरा दिवस काहीच वाचू नका. बासुंदी खाल्ल्यावर लगेच श्रीखंड वाढलं तर दोन्ही वाया जातं. तोंडातली चव जाऊ द्या.

त्या दिवसांत एक काम करा. औंधला जा. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती, आणि पुस्तकात तालमीसाठी वाडीवर येतो तो राजा औंधचाच. भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्कारांचं वेड असलेला माणूस, स्वतः चित्रं काढायचा, आणि १९३९ साली त्यानं आपणहून कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांची बिनभिंतीची वसाहत. दो आँखें बारह हाथ हा सिनेमा त्यावरनंच. तो लिहिला ग. दि. माडगूळकरांनी, म्हणजे तुमच्या लेखकाचे थोरले भाऊ. आता सांगा, बनगरवाडी संपली कुठं?

यमाईच्या डोंगरावर राजाचं संग्रहालय आहे. मूळपीठाच्या देवीचं दर्शन होईल, पायऱ्या जमल्या तर. गाडी वरपर्यंत जवळ जाते, चौकशी करून जा. उन्हाच्या आत उतरा.

पुस्तकांसाठी म्हणाल तर पाचगणीजवळ भिलार आहे, २०१७ पासून पुस्तकांचं गाव. लोकांच्या घरांत विषयवार पुस्तकं मांडलीत, बसून वाचायचं, पैसे नाहीत. पण म्हाताऱ्या माणसाला थंडीत घाट चढवून नेऊ नका. स्ट्रॉबेरी खायला तुम्ही एकट्या जाऊन या.

वाटेगावची_लेक

सगळे माणदेशातच फिरताय, जरा वारणेकडे या की. फकिरा. आमच्या अण्णा भाऊंचं, १९५९ चं. दुष्काळ त्यातही आहे, उपाशी वस्ती आहे. पण इथं वस्ती उठून जात नाही, फकिरा उठतो. बनगरवाडीनंतर ज्याला पोटात खड्डा पडलाय त्याला दुसरा खड्डा देऊन काय होणार? जरा रक्त उसळू दे. अण्णा भाऊ शाहीर होते, वाक्य डफाच्या तालावर पडतं, तुमच्या कऱ्हाडच्या बाईंच्या भाजीच्या परीक्षेत पहिल्या नंबरनं पास होईल.

फक्त झोपायच्या आधी वाचू नका. आमच्या आजीला माझ्या मामानं वाचून दाखवलं होतं, ती मध्यरात्री उठून दार लावलंय का बघायची.

चिंचेखाली

लांब कादंबरी झेपली नाही तर चारुता सागर. कवठेमहांकाळकडच्या मळणगावचे, तेही तुमच्या आण्णांसारखे मास्तर. दर्शन ही कथा वाचा. जोगवा सिनेमा निघाला त्याच्या मुळाशी ती आहे. पण ती सुनेनं सासऱ्याला वाचून दाखवायची का, हे तुमचं तुम्ही ठरवा. मी आधी एकटीनं वाचली आणि बरं केलं.

हळदीचे_हात

तीन आठवड्यांनी लिहितेय, माफ करा. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं.

पोवई नाक्यावरच्या काकांचं आधी. रविवारी दिराच्या गाडीतनं औंधला गेलो. आण्णांना मी चित्रं वाचून दाखवली. म्हणजे काय ते तिथं गेल्यावर कळलं. राजा रविवर्म्याच्या चित्रासमोर उभी राहून मी म्हणाले, "बाई आहे, साडी नेसलीय." आण्णा म्हणाले, "एवढ्यावर मार्क मिळत न्हाईत. हात कुठंय? नजर कुठंय?" मग पुन्हा बघितलं. हात छातीशी, नजर खाली, पदराची किनार बोटात अडकलेली. माझ्या जन्मात मी चित्राकडं एवढा वेळ बघितलं नव्हतं. मागं उभी असलेली सहलीची पोरं पण ऐकत होती. मास्तरांनी त्यांना लगेच रांगेत उभं केलं.

मग माणदेशी माणसं. तुम्ही म्हणाला तसं एका रात्री एक माणूस होईना. पहिल्यालाच चार रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री तर मी पुस्तक उघडलंच नाही, मांडीवर मिटलेलंच होतं आणि अकरा वाजले. माणगंगा दादा, शंभर पैकी शंभर.

खडूफळा बाई, भाजीची परीक्षा घेतली. शेपू करपला. वाचनालयातनं चार पुस्तकं आणली होती, तीन नापास. सत्तांतर पास झालं म्हणून दादांचा विरोध डावलून वाचलं. सुरुवातीला दोन रात्री आण्णा गप्प. मला वाटलं, चुकलंच. तिसऱ्या रात्री नवा नर टोळीत आला तेव्हा हात वर झाला. "म्हंजे बदलीच की ही. नवा हेडमास्तर आला की पयलं जुन्याचं टेबल हलवतो." तिथनं दीड तास बदल्या. कुणी कुणाच्या वशिल्यानं कुठली शाळा मिळवली, १९८४ साली यांना पावसात जतला कुणी पाठवलं, सगळं बाहेर आलं. त्यातला एक माणूस आमच्याच गल्लीत राहतो हे मला आजवर माहीत नव्हतं. सकाळी दुधाला जाताना आता त्याच्याकडं बघवत नाही.

दर्शन मी एकटीनं वाचली, माळ्यावर बसून. चिंचेखाली ताई, बरं केलंत सांगितलंत. आण्णांना नाही वाचली.

काल फकिरा काढलं. तिसऱ्याच पानाला थांब. वाटेगावची, तुमच्या आजीसारखं झालं तर कळवते, आमचं दार मुळातच नीट लागत नाही.

आता नवीन राजापुरी हळदीची आवक वाढलीय, सौद्यांची गर्दी, यार्डातनं सुटायला आठ होतात. हात कितीही घासले तरी पिवळेच राहतात. फकिराला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचं कव्हर घातलंय, आणि पानं उलटायला आण्णांनी त्यांची जुनी फूटपट्टी दिलीय. वाचनालयातल्या काकांना सांगायचंय, यंदा पिठलं नाही.