'मिथ्या' म्हणजे 'खोटे' का?

विचारणा : 'ब्रह्म सत्यं जगन्मिथ्या' याचा अर्थ 'जग खोटे आहे' असाच ऐकत आले आहे. जग खोटे, तर शृंगेरी, द्वारका, पुरी आणि बद्री या चार ठिकाणी शंकराचार्यांनी मठ कुणासाठी स्थापले म्हणायचे?

प्रतिसाद : ताई, घोळ मराठीतल्या 'मिथ्या'मुळे होतो. समर्थ 'मना सर्वथा मिथ्य मांडू नको रे' म्हणतात, तिथे मिथ्य म्हणजे सरळ असत्य बोलणे. कोर्टकचेरीतला 'मिथ्या आरोप'ही तसाच. हा अर्थ आपल्या कानात इतका मुरला आहे की वेदान्तातला शब्द आला तरी आपण तोच लावतो.

अद्वैतात तीन गोष्टी वेगळ्या आहेत. कधीच बाधित होत नाही, म्हणजे पुढच्या ज्ञानाने खोटे ठरत नाही, ते सत्. सशाचे शिंग किंवा वांझेचा मुलगा, जे कुणाला कधी दिसतच नाही, ते असत्. मिथ्या या दोन्हींत बसत नाही. ते अनुभवाला येते, पण स्वतःच्या बळावर उभे नसते. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, मातीचा दाखला देतो : मडके हे नाव, माती तेवढी खरी.

मी घरात सोन्याच्या पाटलीवरून सांगतो. पितळेवर मुलामा दिलेली पाटली खोटी. चोख सोन्याची पाटली खोटी नव्हे, पण ती मोडीत घातली की सराफ सोन्याचे पैसे देतो, घडणावळीचे देत नाही. पाटली गेली, सोने जसेच्या तसे. 'पाटली मिथ्या' म्हणजे एवढेच. म्हणून ती हातात घालू नये असे त्यातून निघत नाही!

(ओघात आले म्हणून : 'मिथक'चा 'मिथ्या'शी संबंध जोडू नये. तो इंग्रजी 'मिथ'वरून घडवलेला अलीकडचा शब्द आहे.)

विचारणा : मग 'भास' म्हटले तर चालेल का?

प्रतिसाद : मला नाही पटत. दोरीवर दिसलेला साप हा भास. दिवा आणला की तो जातो. त्याला प्रातिभासिक म्हणतात. दोरी आणि दिवा मात्र व्यावहारिक, ब्रह्मज्ञान होईपर्यंत टिकणारे. दोन्ही मिथ्याच, पण 'भास' म्हटले की ही पायरी पुसली जाते. त्यापेक्षा 'मिथ्या' तसाच ठेवावा आणि समजावून सांगावा.

शिवाय बाहेर वस्तू नाहीतच, फक्त मनातले ज्ञान आहे, असे मानून जगाला स्वप्नासारखे म्हणणाऱ्या बौद्ध विज्ञानवाद्यांना शंकराचार्यांनीच खोडून काढले आहे. ब्रह्मसूत्रभाष्यात २.२.२८ आणि २.२.२९ ही दोन सूत्रे काढून बघा. खांब, भिंत, घडा, वस्त्र हे बाहेर दिसतात, त्यांना नाही कसे म्हणता, असे ते विचारतात. असे म्हणणारा माणूस त्यांना कसा वाटतो? जेवता जेवता पोट भरल्याचा अनुभव घेतोय, आणि वर म्हणतो, 'मी जेवतही नाही, तृप्तही होत नाही.'