घरी आणि स्टेजवर एकच ॲम्प? नव्या बेसिस्टला हा सल्ला देऊ नका

खर्जवाला
काल एका नव्या मुलाने विचारलं होतं: पहिला बेस (चार तारांची खर्जाची गिटार) घेतलाय, २५ हजार उरलेत, रियाज डोंबिवलीतल्या फ्लॅटमध्ये आणि गणपतीत मंडळाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचंय, तर ॲम्प कोणता घेऊ? त्यावर 'चारतारी' यांनी दोन वाक्यांत निकाल लावला. "सरळ १०० वॅटचा कॉम्बो घे. घरी आवाज कमी ठेव, स्टेजवर वाढव, एकाच खर्चात दोन्ही कामं." कॉम्बो म्हणजे ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत. धडाधड लाइकही पडले. मला राहवलं नाही म्हणून वेगळा धागा काढतोय.

१०० वॅट घराला फार जास्त आणि स्टेजला फार कमी. वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. ५० ऐवजी १०० घेऊन पोराला वाटतं मोठी मजल मारली, आणि ड्रमरने हात मोकळा सोडला की ती मजल कुठेच दिसत नाही.

त्याहून मोठं नुकसान टोनचं होतं. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. त्यामुळे घरी जो तो बेसचं बटण चढवतो, मिड (मधल्या पट्टीचा आवाज) पाडतो आणि खूश होतो. तीच सेटिंग मांडवात नेली की मोठ्या आवाजात खर्ज फुगतो, किक ड्रममध्ये मिसळतो, आणि कुठला सूर वाजला ते कुणालाच कळत नाही. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, पण श्रोत्याचा कान तिला ओळखतो ८२ वर, १२३ वर आणि बोटाच्या ठोक्यावर. ते सगळं या पोराने घरीच कापून टाकलेलं असतं.

माझ्या मते त्याने घरासाठी चांगले हेडफोन आणि छोटा हेडफोन ॲम्प घ्यावा. सहा-आठ इंची स्पीकरमधून ४१ हर्ट्झ नीट बाहेर येतच नाही, बऱ्या हेडफोनमध्ये येतो. बोट तारेवर घासतंय, नको ती तार गुणगुणतेय, हे सगळं तिथे उघडं पडतं, आणि रियाज त्यासाठीच असतो. स्टेजसाठी प्रीॲम्पवाला डीआय घ्यावा, म्हणजे बेसचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी डबी. बेस त्यात, त्यातून एक्सएलआर (माइकला असते तशी तीन पिनांची केबल) मिक्सरला. उरलेल्या पैशांत बेसचं सेटअप (तारांची उंची, मानेचा बाक) करून घ्यावं. ॲम्प आत्ता नकोच.

चारतारी
खर्जवाला, तुम्ही कुठल्या स्टेजवर वाजवता ते एकदा सांगा. मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) मागितला की मिळतो, अशा स्टेजवरचा हा सल्ला आहे. मंडळाच्या स्टेजवर मॉनिटर असतो एक, आणि तो गायिकेच्या पायाशी असतो. त्यात बेस टाका म्हटलं की ती म्हणते मला माझा सूर सापडत नाही, आणि तिचं बरोबरच असतं.

सब (खर्जाचे मोठे स्पीकर) ठेवलेले असतात स्टेजच्या पुढे, तोंड लोकांकडे. मागे आम्हाला येतो तो भिंतीवर आपटून आलेला, उशिरा पोचलेला घूं. त्यावर ड्रमरशी ताल कसा बांधायचा? पाठीशी स्वतःचा कॉम्बो असला की निदान मी काय वाजवतोय ते मला आणि ड्रमरला कळतं. तेवढ्याला १०० वॅट पुरतात. मैदान भरून टाकायचं काम मी त्याला सांगितलंच नव्हतं.

आणि बऱ्याच कॉम्बोंच्या पाठीला एक्सएलआर आउट असतं. तुमचा डीआय त्यातच आला.

मिक्सरमागे
मी साउंड करतो, स्वतःचा सेट आहे, ठाणे-कल्याण पट्ट्यात काम असतं. दोघांनाही सांगतो.

कॉम्बो आणा, हरकत नाही. पण बेसिस्टला दुसऱ्या गाण्यानंतर वाटतं आपण कमी ऐकू येतोय, आणि तो बटण फिरवतो. गाणाऱ्याच्या माइकमध्ये बेस शिरतो. मग मला पीएमधून, म्हणजे लोकांकडच्या मोठ्या स्पीकरमधून, बेस उतरवावा लागतो. शेवटी पहिल्या दोन रांगांना बेस फाटेपर्यंत, आणि पाठीमागच्यांना काहीच नाही. पाठीच्या एक्सएलआरचंही तसंच. इक्यूच्या (टोनच्या बटणांच्या) आधीचा सिग्नल देणारं बटण असेल तर ते दाबा. नाहीतर तुम्ही स्वतःसाठी बेस वाढवला की माझ्याकडे सगळ्या मांडवाचा बेस वाढतो.

डीआयवाल्यांनीही नीट घ्या. साधा पॅसिव्ह (बिनसेलचा) बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटमध्ये खुपसू नका. बेसला समोर एक मेगाओहमच्या (दहा लाख ओहमच्या) आसपास रोध असलेलं इनपुट लागतं, लाइनचं असतं दहा-वीस हजार ओहम. वरचा सगळा चमकदार भाग तिथेच मरतो. त्यात लांबलचक जॅक केबल लावली की गुणगुण वेगळी. पॅसिव्ह बेसला ॲक्टिव्ह (वीज लागणारा) डीआय, तो मिक्सर माइकच्या केबलमधून देतो त्या ४८ व्होल्टवरही चालतो.

आणि आता माझं खरं दुखणं. मांडवातलं अर्थिंग. हम (विजेची गुणगुण) येतो म्हणून प्लगची तिसरी पिन मोडून टाकणारे वादक मी पाहिलेत. डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण त्याचसाठी असतं, ते सिग्नलची जमीन तोडतं, विजेची नाही. पिन मोडलेला ॲम्प, हातात तारा आणि ओठ माइकला लागले की झटका बसतो. पावसातल्या गणपतीत जीव जाईल. कृपा करून पिन मोडू नका.

खर्जवाला
अर्थिंगवर शंभर टक्के सहमत. हे वर चिकटवून ठेवा.

चारतारी, मॉनिटर नसतो हे खरं आहे, नाकारत नाही. पण मग 'मला ऐकू यावं म्हणून' असं लिहायचं होतं. 'एकाच खर्चात दोन्ही कामं' वाचून पोरगा तो कॉम्बो मिक्सरशिवाय मैदानात ठेवेल.

मडगावचा
इतकी वजनं उचलायची चर्चा वाचून पाठ दुखायला लागली. मुळात हे मोठे ॲम्प आले का? १९६९ मध्ये ॲम्पेग कंपनीने एसव्हीटी नावाचा बेस ॲम्प काढला, ३०० वॅट व्हॉल्व्हचे, खाली दहा इंची आठ स्पीकरची पेटी. कारण तेव्हाच्या पीएतून मुख्यतः गाणाऱ्याचा आवाज जायचा, बेसला स्वतःच्या जिवावर स्टेडियम भरावं लागायचं. आता पीए सगळं उचलतो, आणि क्लास डी हेड (स्पीकरशिवायचा हलका ॲम्प) दोन-तीन किलोत मिळतं. डेट्रॉइटला मोटाऊन या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत जेम्स जेमरसनचा बेस थेट कन्सोलमध्येच (मिक्सरमध्ये) जायचा, त्यात काय कमी पडलं?

हेड घेणाऱ्याने एवढंच बघावं की हेडवर ५०० वॅट लिहिलेले असतात ते बहुधा ४ ओहमला. ८ ओहमचं एक कॅबिनेट (स्पीकरची पेटी) लावलं की साधारण निम्मेच मिळतात.

पण मला विचारायचंय ते वेगळंच. गिअर कोणतं घ्यायचं हे ठरवून वाजवायचं कुठे? गोव्यात लग्नाच्या बँडमधून बेसिस्ट काढून टाकलेत. कीबोर्डवाला डाव्या हाताने बेस दाबतो, नाहीतर आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक लावतात. आयोजकाला फरक कळत नाही, आणि वादकही बोलत नाहीत.

डावा_हात
मी कीबोर्डवाला. बोलतो.

सुपारी ठरते तेव्हा आयोजक डोकी मोजतो. दोन गायक, निवेदक, ऑक्टोपॅड, ढोलक, कीबोर्ड. गाडीचं भाडं वजा जाता उरतं काय, ते इथे सगळ्यांना माहीत आहे. बेसिस्ट घेतला तर प्रत्येकाच्या पाकिटातून कापायचं. आणि डाव्या हाताचा बेस म्हणजे पाप नाही. द डोअर्स या अमेरिकन रॉक बँडमध्ये रे मान्झारेक स्टेजवर डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सचा पियानो बेसच वाजवायचे. जगाने ते डोक्यावर घेतलं.

मडगावचा
त्याच डोअर्सनी रेकॉर्डिंगला बऱ्याचदा बेस गिटारवाले बोलावले. का, ते तुम्हीच शोधा.

माझ्या मावसबहिणीच्या लग्नात आमचाच जुना बँड होता, माझ्याशिवाय. मी पाहुण्यांत बसून ऐकलं. सूर एकही चुकला नाही. पण बेस वाजवणारा सूर लावतो तितक्याच काळजीने तो थांबवतो. तार दाबून आवाज कापला की मधे जी जागा राहते, तिच्यावर पाय पडतात. कीबोर्डवर तो सूर पुढच्या सुरापर्यंत लोंबकळत राहिला. तीच गाणी, तेच लोक, आणि नाचायचा फ्लोअर भरायला जेवणं व्हावी लागली. आमच्या पोटावर पाय देऊन वर मान्झारेकचं नाव घेऊ नका.

डावा_हात
पोट मलाही आहे. दोन माणसांचं काम करून मला पैसे एकाचेच मिळतात. तुम्हाला कुणी काढलं तो निर्णय आयोजकाचा, शिव्या मात्र मी खायच्या? लग्नात जेवणाआधी कुठे कोण नाचतं? त्यावरून माझा हात वाईट ठरवलात.

आणि तासन्‌तास डाव्या हाताने ठोका धरून उजव्याने व्हायोलिनच्या जागा भरून दाखवा एकदा. बेसिस्ट आहेत त्या बँडमध्ये तरी काय वाजतं? मूळ सूर, मूळ सूर, मधे एक पाचवा. तेवढं माझी करंगळी करते.

खर्जवाला
करंगळीची भाषा करू नका. आर. डी. बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवायचे. ती रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका आणि मग मूळ सूर-पाचवा सूर म्हणा. त्या गाण्यांची चाल पुढे ढकलते ती बेसच. तुम्ही ऑर्केस्ट्रात तीच गाणी वाजवता आणि नेमका तोच भाग गाळता.

मिक्सरमागे
भांडण चालू द्या, पण माझा त्रास ऐका. डाव्या हाताचा बेस आणि उजव्या हाताच्या स्ट्रिंग्ज एकाच लाइनमधून येतात. बेस वाढवला की स्ट्रिंग्ज वाढतात, बेसला सबमध्ये पाठवलं की स्ट्रिंग्जचा गाळही सबमध्ये. कीबोर्डमध्ये सोय असेल तर बेस पूर्ण डावीकडे पॅन करा (वळवा), बाकी सगळं उजवीकडे, आणि मला दोन वेगळे जॅक द्या. मांडवातला पीए बहुतेक मोनोच (डावं-उजवं वेगळं नसलेला) असतो, तुमचं काही जात नाही. मला मात्र बेसला वेगळं चॅनेल मिळतं.

डावा_हात
हे मला आजवर एकाही साउंडवाल्याने सांगितलं नव्हतं. करून बघतो.

मडगावचा, सूर थांबवण्याबद्दल लिहिलंत ते मला पटत नाही असं नाही. मीही रिलीज (बोट उचलल्यावर आवाज विरायला लागणारा वेळ) कमी ठेवतो, बोट लवकर उचलतो, तरी तारेसारखं होत नाही. पण पैशांचं उत्तर तुमच्याकडे नाही, माझ्याकडेही नाही.

मडगावचा
एवढं मान्य केलंत ते पुरे. ट्रॅकवाल्यांना मात्र मी माफ करणार नाही. तुम्ही निदान वाजवता.

सदाशिवातला
सगळे वॅट मोजतायत. त्या मुलाच्या बेसची ॲक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, कुणी विचारली का? पावसाळ्यात मान हलते, तारा वर येतात किंवा फ्रेटवर फटफटतात. मानेतला ट्रस रॉड (तिचा बाक ठरवणारी सळई) जरासा फिरवायचा असतो, तोही येत असेल त्याच्याकडून. बेस ॲक्टिव्ह असेल तर ९ व्होल्टचा सेल कार्यक्रमाच्या दिवशी नवा घालायचा, आणि जॅक रात्रभर खोचून ठेवायचा नाही, सेल संपतो. ॲम्पच्या गप्पा नंतर.

नवा_बेसवाला
तो मुलगा मीच. सगळं वाचलं. बेस पॅसिव्ह आहे. घरी सध्या दादाच्या गिटारच्या ॲम्पला जोडतो, तर अगदी हळू ठेवूनही खालचे काका वर येतात. म्हणतात शब्द ऐकू येत नाही पण कपाट थरथरतं. मंडळाच्या बँडमध्ये कीबोर्डवाला आहे आणि तो मला म्हणाला, तू ये, मला उजव्या हातावर लक्ष देता येईल. मॉनिटरचं माहीत नाही. आता नक्की काय घेऊ?

खर्जवाला
खर्ज भिंती-जमिनीतून जातो, त्यामुळे आवाज कमी करून काकांचा प्रश्न सुटणार नाही. घरी हेडफोनच. गिटारच्या ॲम्पवर हळू चालेल, पण तो जोरात कधी वाजवू नकोस, स्पीकर फाटेल. आणि हेडफोनवरही मिड कापू नकोस. सगळी बटणं मधोमध ठेवून रियाज कर, तोच टोन घेऊन स्टेजवर जा.

त्या कीबोर्डवाल्याच्या बाजूला उभा राहा. आणि आधी ठरवा की तू वाजवत असताना त्याने डावा हात खाली आणायचा नाही. दोन बेस एकमेकांवर पडले की चिखल होतो.

डावा_हात
हे त्याला मीही सांगेन. बेसिस्ट असताना मी मधल्या सप्तकाच्या खाली उतरत नाही. सवय लागायला वेळ लागतो, त्याला सांभाळून घे.

चारतारी
आधी ॲक्टिव्ह डीआय आणि हेडफोन घे. घरासाठी कॉम्बो नको, तेवढं खर्जवाल्यांचं धरून चालतो. काका आहेत म्हणून. स्टेजचं माझं मत तेच आहे. पण उरलेले पैसे आज खर्चू नकोस. मंडळाचा साउंडवाला कोण ते विचार, त्याला फोन कर आणि बेसिस्टला वेगळा मॉनिटर देणार का ते स्पष्ट विचार. 'देतो' म्हणाला तर कॉम्बोची गरज नाही. 'बघू' म्हणाला तर इथे ये, कोणता घ्यायचा ते मी सांगतो.

मिक्सरमागे
आणि फोन कार्यक्रमाच्या आदल्या रात्री करू नको. गणपतीत माझे मॉनिटर पंधरा दिवस आधीच वाटले गेलेले असतात.