मदत हवी आहे: आईपासून वेगळ्या केलेल्या उंदराच्या पिल्लात ग्रोथ हॉर्मोन दोन तासांत उतरते कसे?

नमस्कार मंडळी,

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. सेमिनारचा विषय आहे लहान वयात मेंदूतली रसायने ग्रोथ हॉर्मोन कसे ताब्यात ठेवतात. वाचन बरेच झाले, पण एका जागी अडून बसले आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आधी मला काय समजले ते सांगते. कुठे चुकत असेन तर तिथेच थांबवा. हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भागात आर्क्युएट न्यूक्लियस नावाचा पेशींचा पुंजका आहे. त्यातल्या पेशी जीएचआरएच हे हॉर्मोन बनवतात, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला ग्रोथ हॉर्मोन सोडायला लावते. हायपोथॅलॅमसच्याच पेरिव्हेंट्रिक्युलर भागातल्या पेशींचे सोमॅटोस्टॅटिन हे हॉर्मोन त्याला ब्रेक लावते. ब्रेक आधी सापडला, 1973 मध्ये, मेंढ्यांच्या हायपोथॅलॅमसमधून. जीएचआरएच हाती यायला 1982 उजाडले आणि तेही स्वादुपिंडाच्या गाठींतून मिळाले! हे वाचून मी कितीतरी वेळ थक्क होते.

नॉरॲड्रेनलिन, सिरोटोनिन, ॲसिटिलकोलीन या मेंदूतल्या रसायनांचा जोर मुख्यतः या दोन प्रकारच्या पेशींवर चालतो. ॲसिटिलकोलीन सोमॅटोस्टॅटिनला दाबते, म्हणून हॉर्मोन वाढते. क्लोनिडिन हे औषध नॉरॲड्रेनलिनच्या अल्फा-2 रिसेप्टरमार्फत हॉर्मोन वर नेते. उंची खुंटलेल्या मुलांच्या तपासणीत हेच औषध वापरतात. मोठ्या नर उंदरात साधारण सव्वातीन तासांनी हॉर्मोनची लाट येते, मधल्या काळात पातळी जवळजवळ तळाला असते. नॉरॲड्रेनलिन तयार होणेच औषधाने अडवले की या लाटा बसतात. इथपर्यंत ठीक.

आता पिल्लू. नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोन भरपूर असते आणि त्याची पिट्युटरी सोमॅटोस्टॅटिनला मोठ्या उंदराइतकी दाद देत नाही. म्हणजे ब्रेक ढिला. आणि तरीही 1978 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पिल्लांना आईपासून वेगळे केल्यावर हॉर्मोन झपाट्याने खाली आले. पुढच्या प्रयोगांत कारणे एकेक करून बाद केली. ऊब दिली तरी पातळी उतरली, म्हणजे थंडीमुळे नाही. आईला भूल देऊन पिल्लांजवळ ठेवले तरी उतरली, म्हणजे तिचा वास आणि अंग जवळ असणे पुरेसे नाही. मग ओल्या ब्रशने, आई चाटते तसे जोर लावून, पिल्लांच्या पाठीवरून फिरवले, आणि पातळी टिकली. हलक्या हाताने फिरवून ते साधले नाही.

माझा प्रश्न: ब्रेक ढिला असेल तर इतक्या लवकर हॉर्मोन उतरवते कोण? आणि कोवळ्या मेंदूत गाबा हे एरवी पेशींना शांत करणारे रसायन बऱ्याच पेशींना शांत करण्याऐवजी उत्तेजित करते, कारण पेशीत क्लोराइड जास्त असते. हा मुद्दा इथे धरावा का?

प्रतिसाद 1

चांगला प्रश्न. तुमची अडचण "उतरवते कोण" या शब्दांत आहे असे मला वाटते. पातळी उतरायला ब्रेक लागलाच पाहिजे असे नाही. उंदराच्या रक्तात ग्रोथ हॉर्मोनचे अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी व्हायला लागणारा वेळ, काही मिनिटांचेच असते. जीएचआरएचचा रेटा बंद पडला तर दोन तास म्हणजे चिक्कार वेळ झाला. काही न करता पातळी कोसळेल. पिल्लांना जीएचआरएचविरोधी अँटिबॉडी दिल्या की त्यांची वाढ मंदावते, म्हणजे त्या वयातही हा रेटा लागतोच.

माझा कल म्हणून असा: चाटण्याचा स्पर्श मेंदूच्या बुंध्यातल्या नॉरॲड्रेनलिन आणि सिरोटोनिनच्या पेशींमार्फत आर्क्युएटपर्यंत पोचत असावा, आणि तो थांबला की रेटा थांबतो. पण कल म्हणजे पुरावा नव्हे. सेमिनारमध्ये याची कसोटी मांडा. वेगळ्या केलेल्या पिल्लांच्या एका गटाला सोमॅटोस्टॅटिनविरोधी अँटिबॉडी द्यायची. पातळी पुन्हा चढली तर दोष ब्रेकचा. नाहीच चढली, तर दुसऱ्या गटाला जीएचआरएच टोचून बघायचे: पिट्युटरीने लगेच हॉर्मोन सोडले तर ती ठणठणीत आहे, वरून निरोपच येत नव्हता.

गाबाचा मुद्दा एका वाक्यात ठेवा. गाबा कोणत्या पेशीवर पडते यावर सगळे आहे. जीएचआरएचच्या पेशी उत्तेजित झाल्या तर हॉर्मोन वाढेल, सोमॅटोस्टॅटिनच्या झाल्या तर घटेल. पिल्लाचे वय दिवसांत लिहिल्याशिवाय त्यावर बोलूच नका.

प्रतिसाद 2

एक भर घालतो. उंदरावरून थेट माणसाच्या बाळावर उडी मारू नका. ताण आला की उंदरात ग्रोथ हॉर्मोन घटते, माणसात वाढते. परीक्षक हमखास तिथेच पकडतात.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. अर्धायुष्याचा आकडा माझ्याच वहीत लिहिलेला होता आणि मी तो या प्रश्नाशी जोडलाच नव्हता. आत्ताच आलेख पुन्हा काढला. रेटा शून्य धरून, दर दहा मिनिटांना पातळी निम्मी होते असे मानले तरी तासाभरात ती चौसष्टाव्या हिश्श्यावर येते. ब्रेकला हात न लावता!

आता दोन गटांची कसोटी एका स्लाइडवर मांडते आहे. तिसरा गट ओल्या ब्रशचा ठेवला आणि त्यालाच जीएचआरएचविरोधी अँटिबॉडी दिल्या तर? ब्रश फिरवूनही पातळी खालीच राहिली, तर स्पर्शाचा निरोप जीएचआरएचमार्फतच जातो असे म्हणता येईल ना? प्रतिसाद 1 वाल्यांनी एवढे एकदा पाहावे, ही विनंती.