ट्रेलरवरचा एसी दुपारी घुमतो, ‘टक’ करतो आणि थंडावा देत नाही: गॅस गेलाय की आणखी काही?

हवासू_मुक्कामी

ॲरिझोनात लेक हवासूजवळच्या कॅम्पग्राउंडवर आहोत. ट्रेलर २४ फुटी, कनेक्शन ३० अँपचं, छतावर १३,५०० बीटीयूचा (बीटीयू हे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) एकच एसी, सात वर्षं जुना. थर्मोस्टॅट भिंतीवरचा, १२ व्होल्टवाला.

सकाळी एसी उत्तम चालतो. दुपारी पारा ११० °फॅ.च्या वर गेला की पंखा नीट फिरतो, पण कॉम्प्रेसर चालू व्हायच्या वेळी चार-पाच सेकंद नुसता घुमतो, दिवे मंदावतात आणि ‘टक’ होऊन सगळं शांत. काही मिनिटांनी परत तेच. ब्रेकर एकदाही पडलेला नाही. रात्री वेगळीच तऱ्हा: कॉम्प्रेसर चालतो, पण पहाटेपर्यंत हवेचा झोत अगदी क्षीण होतो आणि छतातल्या जाळीतून पाणी ठिबकतं.

एका टेक्निशियनला फोन केला. त्याने न बघताच ‘गॅस गेला, युनिट बदला’ म्हणून सांगितलं. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, क्लॅम्प मीटर आणू शकतो. छतावर चढायची तयारी आहे. सुरुवात कुठून करू?

तारेवरची_कसरत

फोनवरून गॅस ओळखणाऱ्याला आधी रामराम ठोका. सकाळी एसी उत्तम थंड करतो म्हणताय, म्हणजे गॅस बहुतेक जागच्या जागी आहे. तुमच्याकडे दोन वेगळे आजार दिसताहेत. दुपारचा विजेचा, रात्रीचा हवेचा. दोन्ही एकत्र धरलेत तर गोंधळ होईल. मी दुपारच्या आजाराबद्दल लिहितो.

घुमणं आणि मग ‘टक’ याचा अर्थ कॉम्प्रेसरला वीज मिळतेय, पण तो फिरत नाही. जागेवर अडकलेला कॉम्प्रेसर ५०-६० अँप ओढतो, त्यामुळे तापून त्याचा ओव्हरलोड (कॉम्प्रेसरला वाचवणारा स्विच) सुटतो, तोच तो ‘टक’. ब्रेकर पडण्याआधी ओव्हरलोड सुटतो, म्हणून ब्रेकर शाबूत. थर्मोस्टॅट आणि कंट्रोल बोर्ड यांनी आपलं काम केलेलं आहे, त्यांच्या मागे लागू नका.

आता मोजमाप. छतावर अजिबात चढू नका, आधी खाली बघा. भर दुपारी, एसी बंद असताना पेडेस्टलवर (कॅम्पग्राउंडच्या वीज जोडणीच्या खांबावर) व्होल्टेज घ्या आणि ट्रेलरच्या आतल्या सॉकेटवर घ्या. मग एसी चालू करून दोन्हीकडे पुन्हा घ्या. पेडेस्टलवर ३० अँपच्या सॉकेटमध्ये तुमचा प्लग असेल, म्हणून शेजारच्या २० अँपच्या सॉकेटवर मोजा. मात्र पेडेस्टलवर ५० अँपचंही सॉकेट असेल तर आत दोन वेगळे लेग (विजेच्या दोन स्वतंत्र लाइन) आलेले असतात आणि २० अँपचं सॉकेट कदाचित दुसऱ्या लेगवर असू शकतं. एसी चालू केल्यावर तिथलं व्होल्टेज थोडं तरी खाली आलं, तर लेग तोच समजा.

चालू एसीवर १०५ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर एसी चालवणं थांबवा. मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ११५ ऐवजी १०३ व्होल्ट मिळाले की टॉर्क एक पंचमांश कमी. त्यात दुपारी कंडेन्सर (उष्णता बाहेर टाकणारी कॉइल) तापल्यामुळे कॉम्प्रेसरला ज्या दाबाविरुद्ध गॅस ढकलायचा तो दाबही वाढलेला. म्हणजे जास्त जोर लागतो तेव्हाच जोर कमी मिळतो. सकाळी चालतो आणि दुपारी चालत नाही, यामागचं गणित बहुधा हेच.

मोजताना वॉटर हीटर विजेवर असेल तर प्रोपेनवर टाका. त्याचं विजेचं एलिमेंट साधारण १,४०० वॉटचं, म्हणजे १२ अँप. एसीचे १३-१५ अँप आणि वरून मायक्रोवेव्ह, की ३० अँपचा हिशोब संपला.

ओव्हरलोड सुटल्यावर लगेच परत चालू करायची घाई नको. निदान पाच मिनिटं थांबा. कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा गॅसचा दाब समान व्हायला आणि स्टार्ट रिले थंड व्हायला तेवढा वेळ लागतोच.

गारेगार_ह्यूस्टन

रात्रीचं मी घेतो. झोत क्षीण होतो आणि नंतर पाणी ठिबकतं, म्हणजे इव्हॅपोरेटरवर (हवा थंड करणाऱ्या आतल्या कॉइलवर) बर्फ धरतोय. पाणी वितळलेल्या बर्फाचं आहे, लगेच छताच्या गॅस्केटला दोष देऊ नका. ॲरिझोना कोरडं असलं तरी माणसं आत झोपलेली, स्वयंपाक आतच, शिवाय मान्सूनच्या दिवसांत बाहेरूनही दमट हवा येते. बर्फाला तेवढं पुरतं.

आधी सोपं ते. आतल्या जाळीतला फिल्टर धुवा. पंखा रात्री ‘लो’वर ठेवत असाल तर ‘हाय’वर ठेवा आणि थर्मोस्टॅट ६८ वगैरे लावला असेल तर ७४-७५ करा. बर्फ धरलेला असेल तर कूलिंग बंद करून फक्त पंखा ‘हाय’वर चालवा, तासाभरात वितळतो. स्क्रूड्रायव्हरने बर्फ खरवडू नका. नळी फुटली तर मग मात्र खरंच गॅस जाईल.

नंतर वीज पूर्ण बंद करून आतलं छताचं कव्हर उतरवा. पेडेस्टलवरचा प्लग काढा, जनरेटर बंद, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. वर बघितलंत की दोन कप्पे दिसतील: एकातून खोलीतली हवा वर ओढली जाते, दुसऱ्यातून थंड हवा खाली डक्टमध्ये ढकलली जाते. या दोघांमधला पडदा नव्या ट्रेलरमध्येही फोमच्या तुकड्याने कसाबसा बसवलेला असतो. तिथे फट राहिली की थंड हवा खोलीत न येता तिथूनच परत वर ओढली जाते. मग कॉइलवर आधीच थंड झालेली हवा येते आणि बर्फ धरतो. डक्टच्या कडा आणि छताच्या भोकाच्या बाजूही बघा, कित्येक ट्रेलरमध्ये निम्मी हवा छताच्या पोकळीत जात असते.

फट डोळ्याला दिसत नसेल तर कव्हर तात्पुरतं दूर ठेवून, तारांना हात लागणार नाही अशी काळजी घेऊन, फक्त पंखा चालू करा आणि पेटवलेली उदबत्ती पडद्याच्या कडेकडेने फिरवा. जिथे धूर सटकन आत खेचला जातो तिथे गळती. पुन्हा वीज बंद करा, जागा स्पिरिटने पुसा आणि ॲल्युमिनियम फॉइलची टेप लावा. कापडी करडी डक्ट टेप नको, उन्हाळ्यात तिचा गोंद पाघळतो आणि ती लोंबायला लागते.

कव्हर उतरलेलंच आहे तर टॉर्च मारून इव्हॅपोरेटरची खालची बाजू बघा. फिल्टर नीट बसला नसेल तर तिथे धूळ आणि केसांचा नमद्यासारखा थर साचतो. मऊ ब्रशने काढा आणि न धुता चालणारा फोमचा कॉइल क्लीनर मारा. फिन्समध्ये (कॉइलच्या पातळ पत्र्यांमध्ये) खोचलेला फ्रीझ सेन्सर निघून लोंबत असेल तर परत फिन्समध्ये खोचा, नाहीतर बर्फ धरतोय हे बोर्डाला कळणारच नाही.

हवासू_मुक्कामी

दोघांनाही धन्यवाद. दुपारी साडेतीनचे आकडे, वॉटर हीटर प्रोपेनवर:

एसी बंद: पेडेस्टल ११२, आत ११२.
एसी चालू (तिसऱ्या प्रयत्नात कॉम्प्रेसर लागला): पेडेस्टल १११, आत १०३. चालू होताना आत क्षणभर ९२ दिसले. करंट १५ अँप.

केबल ट्रेलरचीच, ३० फूट, १० गेज. प्लग काढून बघितला तर एक पाता (पिन) तपकिरी झालाय आणि त्याच्या मुळाशी प्लॅस्टिक थोडं फुगलंय.

वर चढून कपॅसिटरही (मोटरला फिरायला जोर देणारा भाग) बघितला. ४०/५ मायक्रोफॅरड असं छापलंय, मीटरवर कॉम्प्रेसरची बाजू ३३.५, पंख्याची ४.९. फिल्टर धुतला. पडद्याला बोटभर फट निघाली, टेप लावली.

तारेवरची_कसरत

मग गुन्हेगार सापडले, दोघे आहेत.

पेडेस्टल आणि ट्रेलर यांच्यामध्ये ८ व्होल्ट गायब होताहेत. १० गेज तांब्याच्या तारेचा रोध हजार फुटाला साधारण १ ओहम. ३० फूट केबल म्हणजे जाऊन-येऊन ६० फूट, ०.०६ ओहम, १५ अँपला एक व्होल्टसुद्धा नाही. उरलेले ७ व्होल्ट सैल जोडात जळताहेत. ७ गुणिले १५, म्हणजे १०५ वॉट उष्णता, एका प्लगच्या पात्यावर. तपकिरी पाता आणि फुगलेलं प्लॅस्टिक हा त्याचा पुरावा. हा प्लग आता पुन्हा सॉकेटमध्ये घालू नका. आग याच जागी लागते.

३० अँपचा नवा ट्रेलर प्लग हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. केबल मागे कापत जा आणि काळवंडलेलं तांबं संपून चकचकीत तांबं लागेल तिथून जोडा. स्क्रू नीट आवळा. केबलचं ट्रेलरकडचं टोक सुटं होणारं असेल तर तेही उघडून बघा. आणि कॅम्पग्राउंडच्या माणसाला सॉकेट दाखवा. ज्या सॉकेटने एक प्लग जाळला, ते नव्यालाही सोडणार नाही. बदलून देत नसतील तर दुसरी जागा मागा. पुढे प्लग घालताना-काढताना पेडेस्टलचा ब्रेकर आधी पाडायचा, म्हणजे ठिणगी उडून पाते खराब होत नाहीत.

कपॅसिटर ४० चा ३३.५ म्हणजे १६ टक्के कमी. त्यावर ±६ टक्के छापलेलं असेल तर ३७.६ च्या खाली तो बादच. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा जास्त: ३७० च्या जागी ४४० चालतो, उलट नाही. वीस-तीस डॉलरचं काम. जोडण्याआधी मोबाइलवर तारांचा फोटो काढा. ‘सी’, ‘हर्म’ आणि ‘फॅन’ अशी तीन टोकं असतात, सी म्हणजे दोघांचं सामाईक, हर्म म्हणजे कॉम्प्रेसर. जुन्याला हात लावण्याआधी, त्यात साठलेली वीज उतरवायला, २० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर सी आणि हर्म, मग सी आणि फॅन यांवर पाच-पाच सेकंद धरा आणि मीटरवर शून्य बघूनच पुढे जा.

पेडेस्टलवरच दुपारी ११२ आहे, ते मात्र तुमच्या हातात नाही. सगळं कॅम्पग्राउंड एकदम एसी लावतं तेव्हा असं होतं. जोड दुरुस्त झाल्यावर आत ११०-१११ मिळतील, तेवढ्यावर चालेल.

फ्लॅगस्टाफ_वाले

इथे सॉफ्ट स्टार्टर बसवून टाका असं मी सुचवणार होतो. चालू होतानाचा करंटचा झटका तो निम्म्याहून कमी करतो.

तारेवरची_कसरत

बसवा, पण नंतर. जळका प्लग आणि मेलेला कपॅसिटर तसाच ठेवून सॉफ्ट स्टार्टर बसवला तर एसी चालू होईल आणि १०३ व्होल्टवर तासन् तास चालत राहील. प्लग जळत राहील तो वेगळाच. आज निदान ‘टक’ तरी होतंय.

फ्लॅगस्टाफ_वाले

मान्य. मग ज्यांना छोट्या जनरेटरवर एसी चालवायचाय त्यांच्यासाठी एवढंच लिहितो. २,२०० वॉट असं नाव असलेल्या जनरेटरचे सलग मिळणारे १,८००च असतात, तेही समुद्रसपाटीला. दर हजार फुटाला साधारण साडेतीन टक्के कमी धरा. फ्लॅगस्टाफ सात हजार फुटांवर, म्हणजे साडेतेराशेच्या आसपास उरतात. १३,५०० बीटीयूच्या युनिटला तेवढ्यावर श्वास घेणं मुश्कील, सॉफ्ट स्टार्टर असो वा नसो. जनरेटरचा इको मोड बंद ठेवा आणि बॅटरी चार्जरही त्या वेळी बंद.

हवासू_मुक्कामी

प्लग आणि कपॅसिटर बदलले, ऑफिसने सॉकेटही बदलून दिलं. दुपारी चारला आत ११०, कॉम्प्रेसर पहिल्या झटक्यात लागतो. पहाटे झोतही कमी झाला नाही. तरी भर दुपारी ट्रेलर ८२ च्या खाली जात नाही. आता तरी गॅस तपासायचा का? कसा?

गारेगार_ह्यूस्टन

थर्मामीटर घ्या. एसी वीस मिनिटं चालू द्या, मग जाळीत शिरणाऱ्या हवेचं आणि एसीला सगळ्यात जवळच्या झरोक्यातून येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. फरक १६ ते २२ °फॅ. आला तर मशीन आपलं काम करतंय. आमच्याकडे दमट हवेत तो थोडा कमी येतो, तुमच्याकडे वरच्या टोकाला यायला हवा. एसीचं बाहेरचं प्लॅस्टिक आवरण काढून कंडेन्सरही धुवा: साधा नळाचा पाइप, आतून बाहेर, प्रेशर वॉशर नाही, आणि मोटरवर पाणी नाही. दुमडलेले फिन्स फिन-कोम्बने (फिन्सच्या फणीने) सरळ करा.

गॅस खरंच कमी असला तर तीन गोष्टी एकत्र दिसतात: फरक दहाच्या आसपास, करंट नेमप्लेटपेक्षा बराच कमी आणि इव्हॅपोरेटरच्या सुरुवातीच्या दोन-चार नळ्याच गार, बाकी कोमट. जोडावर तेलाचा डागही असतो बहुतेक. तुमचे १५ अँप बघता मला तसं वाटत नाही. आणि या युनिटना गॅस भरायचं तोंडच नसतं, कारखान्यातून सील करून येतात. अमेरिकेत गॅसला हात लावायला ईपीएचं (तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं) ६०८ सर्टिफिकेट लागतं, म्हणून गळती निघालीच तर बहुतेक लोक युनिटच बदलतात. पण ते मोजमापानंतर.

८२ चं कारण मला वेगळं वाटतं. ११५ च्या उन्हात पातळ भिंतींच्या ट्रेलरवर १३,५०० बीटीयू दुपारी जेमतेमच पुरतात. छतावरच्या १४ इंची व्हेंटमध्ये फोमच्या उशा कोंबा, पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून चंदेरी पडदा लावा, सकाळी आठलाच एसी सुरू करा. भिंती तापल्यावर सुरू केलात तर संध्याकाळपर्यंत तो भिंतीच गार करत बसेल. फरकाचा आकडा आला की इथे टाका.

हवासू_मुक्कामी

जाळीत ८३, झरोक्यात ६३.

गारेगार_ह्यूस्टन

२० चा फरक. युनिट ठणठणीत आहे, खिडक्यांच्या मागे लागा.