कॅथरीन पारने चौथं लग्न इतक्या घाईत का केलं?

वाचनखूण:
आठव्या हेन्रीच्या राण्यांबद्दल वाचतेय आणि सहावीपाशी येऊन अडकलेय. राजा 28 जानेवारी 1547 ला गेला, आणि काही महिन्यांतच कॅथरीनने थॉमस सीमोरशी (हेन्रीच्या तिसऱ्या राणीच्या भावाशी) गुपचूप लग्न केलं. दोन राण्यांची मुंडकी उडवणाऱ्या नवऱ्याच्या हातून ही सुखरूप सुटलेली. वय पस्तिशीच्या आसपास, हातात पैसा, मान. एवढी सावध बाई पुन्हा यात का पडली?

सांजवेळ:
ताई, मला ती घाई वाटत नाही. तिच्या हिशेबाने लग्नाला चार वर्षं उशीरच झाला होता.

आधीची तीन लग्नं ओळीने बघा. 1529 मध्ये, सतराव्या वर्षी, लिंकनशायरच्या एडवर्ड बरोशी. तो 1533 मध्ये गेला. मग यॉर्कशायरचा लॉर्ड लॅटिमर, पदरी आधीची दोन मुलं. 1536 मध्ये उत्तरेत बंड उसळलं, बंडखोरांनी लॅटिमरला आपल्यात ओढलं. पुढच्या जानेवारीत त्यांनी स्नेपच्या वाड्यात घुसून कॅथरीनला आणि त्या दोन मुलांना ओलीस धरलं. चोविशीतली ही बाई दुसरीची लेकरं घेऊन त्या वाड्यात कशी राहिली असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. मी स्वतः दोघांची सावत्र आई आहे, म्हणूनही असेल.

1543 च्या मार्चमध्ये लॅटिमर गेला. तिचं मन तेव्हाच थॉमस सीमोरवर बसलं होतं, पण राजाने मागणी घातली. राजाला नाही कोण म्हणणार? 12 जुलैला हॅम्प्टन कोर्टमध्ये लग्न लागलं. हेन्री गेल्यावर सीमोरला लिहिलेल्या पत्रात तिने हे स्वच्छ सांगितलंय: मागच्या वेळी मी मोकळी होते तेव्हाच माझं मन तुझ्याशी लग्न करायचं ठरलं होतं.

आणि राणीपदाची ती वर्षं नुसत्या शुश्रूषेची नव्हती. 1544 मध्ये हेन्री फ्रान्सच्या स्वारीवर असताना राज्यकारभार तिच्या हाती होता. 1545 मध्ये तिचं प्रार्थनांचं पुस्तक तिच्या नावानिशी छापलं गेलं, इंग्लंडच्या राणीचं असं पहिलंच. 1546 मध्ये तिच्या धर्ममतांवरून अटकेचा घाट घातला गेला. त्या काळातला प्रोटेस्टंट लेखक जॉन फॉक्सने लिहून ठेवलंय की ती राजाला म्हणाली, मी वाद घालत होते ते पायाच्या दुखण्यावरून तुमचं लक्ष उडावं आणि तुमच्याकडून शिकायला मिळावं म्हणून. तिला पकडायला शिपाई घेऊन आलेल्या चॅन्सेलरलाच, म्हणजे राजाच्या बड्या मंत्र्यालाच, मग राजाच्या शिव्या खाव्या लागल्या. इतकं सोसल्यावर तिने एकदा मनासारखं केलं, तर मला तिचा राग येत नाही.

पानगळ:
पत्राचं खरं. पण एलिझाबेथचं, हेन्रीच्या मुलीचं आणि कॅथरीनच्या सावत्र लेकीचं काय? ती यांच्याच घरी राहायची, तेरा-चौदा वर्षांची. सीमोर सकाळी तिच्या खोलीत शिरून नको ती सलगी करायचा. हॅनवर्थच्या बागेत त्याने तिचा झगा कापून टाकला तेव्हा कॅथरीनने तिला धरून ठेवलं होतं, अशी सीमोरवरच्या पुढच्या चौकशीत साक्ष आहे. 1548 च्या मे महिन्यात मुलीला दुसरीकडे पाठवलं, पण त्याला फार उशीर झाला होता.

सांजवेळ:
हे मात्र मी नाकारणार नाही. याच मुलीने अकराव्या वर्षी एका फ्रेंच काव्याचं भाषांतर करून तिला नववर्षाची भेट दिली होती, वेष्टनावर कॅथरीनची आद्याक्षरं भरलेली. त्या विश्वासाला ती कमी पडली. अखेरच्या आजारपणात, सीमोरचा हात हातात असताना, जवळची माणसं आपली पर्वा करत नाहीत असं ती बोलल्याचं तिच्या सेवेतल्या बाईने सांगितलंय. तिला कळलं असावं.

वाचनखूण:
तिला स्वतःचं मूल झालं का?

सांजवेळ:
हो, मेरी. 30 ऑगस्ट 1548, ग्लॉस्टरशायरच्या सुडलीच्या वाड्यात. सहाव्या दिवशी, 5 सप्टेंबरला, कॅथरीन गेली. 20 मार्च 1549 ला राजद्रोहाच्या आरोपावरून सीमोरचा शिरच्छेद झाला, तेव्हा पोर सात महिन्यांचीही नव्हती. कॅथरीनची मैत्रीण असलेल्या सफोकच्या डचेसने तिला सांभाळलं, पण खर्च झेपत नसल्याच्या तक्रारीची पत्रं ती पाठवत राहिली. 1550 नंतर कागदपत्रांत मेरीचं नाव आढळत नाही.