मदत हवी आहे: सोयाबीनच्या टॉनिकनं खरंच माल वाढतो का, आपल्याच वावरात कसं तपासावं?

वावरातला_पोरगा (ता. औसा, जि. लातूर)

नमस्कार मंडळी, थोडं लांबलंय, सांभाळून घ्या. आमचं दोन एकर कोरडवाहू रान हाय, सोयाबीन असतंय. दुकानदारानं आमच्या तात्याला (चुलते) एक टॉनिक सांगितलंय, फुलं लागायच्या टायमाला फवारायचं, एकराला ९०० रुपये खर्च अन् म्हणे एकरी दोन क्विंटल वाढणारच. तात्या म्हणायलेत सगळ्यावरच मारून टाकू, मी म्हणायलो आधी बघू तरी. शेवटी तात्याच म्हणले बरं, वढ्याकडचं एक एकर फवारू, बांधाकडचं तसंच ठेवू, काट्यावर कळंल. पण वढ्याकडं काळी भारी जमीन अन् बांधाकडं मुरमाड, तिथं टॉनिक असो नसो माल कमीच येतोय. उलटं करावं तर टॉनिकवर अन्याय. मग करावं कसं? पेरणी उताराला आडवी असते, तास (पिकाची ओळ) ३३० फूट लांब, रानाची रुंदी २६४ फूट, दोन तासात १८ इंच. पंप, काटा, माणसं सगळं हाय, फक्त डोकं चालंना.

कोरडवाहू

एवढा काय विचार करायलास भाऊ, आमच्या शेजाऱ्यानं मारलं होतं असंच कायतरी, नुसत्या शेंगाच शेंगा. डोळ्याला दिसतंय की.

वावरातला_पोरगा

दिसलं असंल हो दादा, पण ज्यांनी नाय मारलं त्यांच्यात त्या साली काय होतं ते कुणी बघितलं का? पाऊस चांगला झाला तर सगळ्यांच्याच शेंगा भरतेत.

आरबीडी_वाला (परभणीला बीएस्सी अ‍ॅग्री)

तात्यांच्या पद्धतीत खरी गडबड ही की एक एकर विरुद्ध एक एकर म्हणजे तुलना एकदाच होते, अन् त्या एका तुलनेत जमीन, ओल, टॉनिक सगळं एकमेकात गुंतून बसतं. फरक आला तरी कुणाचा म्हणणार? काहीच न फवारता त्या दोन एकरांचा माल वेगळा काढला तरी वजन सारखं येणार नाय. इंग्लंडात रॉथम्स्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हावर खताचे प्रयोग चालू होते, ढीगभर आकडे साचलेले, फिशर नावाचा संख्याशास्त्रज्ञ तिथं १९१९ ला गेला अन् त्यानंच हे लावून धरलं की कुठल्या तुकड्याला काय मिळणार ते माणसानं ठरवायचं नाय, चिठ्ठीनं ठरवायचं. आम्हाला कॉलेजात आरबीडी आरबीडी म्हणून घोकून घेतलं ते हेच, रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन, म्हणजे सारख्या जमिनीचे गट पाडायचे अन् गटाच्या आत चिठ्ठीनं वाटायचं.

आता तुमचं रान. पेरणी आडवी हाय हे चांगलंय, एक तास साधारण एकाच पातळीवर राहतो. १२ तासांचा एक पट्टा धरा, म्हणजे १८ फूट. असे १२ पट्टे, २१६ फूट, वरखाली २४-२४ फूट सोडून द्या. लागून लागून दोन पट्ट्यांची एक जोडी, म्हणजे ६ जोड्या. वरच्या जोडीत दोन्ही पट्टे मुरमाडावर, खालच्या जोडीत दोन्ही काळ्यात. प्रत्येक जोडीत नाणं उडवा, छापा आला तर वरच्या पट्ट्याला टॉनिक, काटा आला तर खालच्या. तुलना जोडीतल्या जोडीतच करायची, मुरमाडाची काळ्याशी नाय.

दुसऱ्या पट्ट्याला कोरडं सोडू नका, त्याला त्याच पंपानं तेवढंच साधं पाणी मारा. नायतर फवारताना पायाखाली तुडवलेलं एकाच बाजूला जमा होतं. अन् टॉनिकसोबत आळीचं औषध मिसळायची आपल्याकडं सवय हाय, तसं करणार असाल तर औषध दोन्हीकडं, टॉनिक एकीकडं. हे चुकलं तर आळी मेल्याचं श्रेय टॉनिकला जातं अन् मला वाटतं निम्म्या टॉनिकांचं नाव असंच झालंय.

काढणीला पूर्ण पट्टा घेऊ नका, कडेच्या तासांवर शेजारचा फवारा उडतो. मधले ६ तास घ्या, १२१ फूट लांबीचे. ९ गुणिले १२१ म्हणजे १०८९ चौरस फूट, बरोबर एक गुंठा. वजन गुणिले ४० केलं की एकरी हिशोब.

वावरातला_पोरगा

हे भारी झालं सर, गुंठा बरोबर बसला! पण तात्या म्हणायलेत नाणं कशाला, सरळ एकाआड एक करू, वर टॉनिक खाली पाणी.

आरबीडी_वाला

मग सहाच्या सहा जोड्यात टॉनिक वरच्या, म्हणजे जराशा कमी ओलीच्या पट्ट्यावर जाईल. १८ फुटात फरक थोडाच पडतो, पण सगळ्या जोड्यात एकाच बाजूला पडला की तोच निकाल वाटायला लागतो. नाणं तात्यांच्याच हातात द्या, म्हणजे भांडण नाय.

झेडपीच्या_बाई (विज्ञान शिकवते)

दोन गोष्टी माझ्याकडून. एक, काय मोजणार ते आत्ताच वहीत लिहून ठेवा. दाण्याचं वजन म्हणलात तर वजनच. नंतर वजनात फरक नाही दिसला की मग "पानं हिरवीगार होती", "शेंगा तरी जास्त होत्या" असं सुरू होतं, दहा गोष्टी बघितल्या की एखादी बाजूनं निघतेच. दुसरं, पोत्यावर टॉनिक-पाणी लिहू नका, नुसते १ ते १२ नंबर टाका आणि कुठला नंबर कशाचा तो कागद तुमच्याकडं. वजन करणाऱ्याला माहीत नको. तात्यांना टॉनिक जिंकायला पाहिजे आणि तुम्हाला हरायला, दोघांनीही काट्याजवळ जाऊ नये हे बरं :)

वावरातला_पोरगा

बाई, तुम्ही बरोबर वळखलं. पण किती फरक आला तर खरा मानायचा?

आरबीडी_वाला

साधा हिशोब सांगतो. टॉनिकात काहीच दम नसेल तर प्रत्येक जोडीत ते वरचढ ठरणं म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. सहापैकी सहा जोड्यात जिंकायची शक्यता ६४ त १. तसं झालं तर मी तरी मानेन. पाच किंवा जास्त जोड्यात जिंकणं नुसत्या नशिबानं ६४ त ७ वेळा होतं, त्यावर मी ९०० रुपये लावणार नाय, पुढच्या साली परत बघेन.

फायद्याचं गणित वेगळंय. २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये क्विंटल, त्या हिशोबानं ९०० रुपये निघायला एकरी १७ किलो वाढ पाहिजे, म्हणजे गुंठ्याला सव्वाचारशे ग्रॅम. एवढा बारीक फरक सहा जोड्यात बहुतेक सापडायचा नाय, जमीनच त्याच्यापेक्षा जास्त खालीवर करते. पण दुकानदार दोन क्विंटल म्हणायलाय, ते गुंठ्याला पाच किलो होतात, तेवढं खरं असंल तर लपणार नाय. म्हणून फरक नाय दिसला तर "टॉनिक बोगस" असं दुकानात जाऊन म्हणू नका, "दोन क्विंटल काय आमच्यात आलं नाय" एवढंच म्हणा.

कोरडवाहू

अन् रानडुकरं शिरली तर? आमच्याकडं लई हायत.

आरबीडी_वाला

चांगलं विचारलंत. एका पट्ट्याचं नुकसान झालं तर ती पूर्ण जोडी बाद करायची, पण हे वजन करायच्या आधी ठरवायचं, आकडे बघून नाय.

वावरातला_पोरगा

शेवटचं एक. मळणी यंत्रात आधीचे दाणे अडकून राहतेत, एका गुंठ्याच्या मालात ते मिसळणार नाय का?

झेडपीच्या_बाई

मिसळणारच. एका गुंठ्याचा माल तो किती, ताडपत्रीवर काठीनं झोडपून निघतो, दोन माणसं लावा. यंत्रच वापरायचं असेल तर दर पट्ट्यानंतर रिकामं चालवून खालचं झाडून त्याच पोत्यात टाका. आणि बाराही पोती सारखी वाळवूनच काट्यावर चढवा, ओला माल उगाच जड भरतो.

वावरातला_पोरगा

झोडपूनच काढतो मग. तात्यानं नाण्याला होकार दिलाय, पण म्हणलेत नाणं दहाचं पाहिजे, रुपयाचं हलकं असतंय.