'जाड वायर', '१६ नंबर' आणि 'अडीचची' : स्पीकर केबलचे शब्द

प्रश्न (गंगापूर रोड)
हॉलमध्ये ५.१ ची (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर) जोडणी करायची आहे. रिसीव्हर (सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) टीव्हीखाली, मागचे दोन स्पीकर सोफ्यामागच्या भिंतीवर. वायरमन म्हणतो "अडीचची ओढू", एम. जी. रोडवरचा दुकानदार म्हणतो "१६ नंबर घ्या, चांगली जाड आहे", आणि स्पीकरच्या पुस्तिकेत "१४ गेज किंवा त्याहून जाड" असं छापलंय. हे तिन्ही एकाच मापाचे शब्द आहेत का? आणि 'तार', 'वायर', 'केबल' यांत फरक करायचा का?

उत्तर (अंबड)
तिन्ही मापं वेगळी आहेत. 'अडीचची' म्हणजे एका कोअरमधल्या, म्हणजे एका वायरीतल्या, तांब्याचा छेद (कापल्यावर दिसणाऱ्या तांब्याचं क्षेत्रफळ) २.५ चौरस मिलिमीटर. वायरमन नुसतं 'अडीच स्क्वेअर' म्हणतात. हा शब्द सरळ आहे, आकडा वाढला की तांबं वाढतं.

'गेज' उलटा चालतो, आकडा वाढला की तार बारीक. पुस्तिकेतला गेज बहुधा अमेरिकन असतो. त्यात १८ म्हणजे ०.८२, १६ म्हणजे १.३१, १४ म्हणजे २.०८ आणि १२ म्हणजे ३.३१ चौरस मिलिमीटर. म्हणजे १४ गेज मागितला असेल तर वायरमनची अडीचची त्याहून थोडी जाडच पडते. तो बरोबर सांगतोय.

खरी अडचण 'नंबर' या शब्दाची. मोटर रिवाइंडिंगवाल्यांकडे १६ नंबर म्हणजे ब्रिटिश गेज. ती तार १.६३ मिलिमीटर व्यासाची, छेद जवळपास २.०८, म्हणजे अमेरिकन १४ गेजइतकी. स्पीकर केबलच्या वेष्टनावरचा १६ मात्र अमेरिकन, छेद १.३१. एकाच आकड्यात दीडपटीहून जास्त फरक! म्हणून 'नंबर' कुणी म्हटलं की लगेच विचारावं, "स्क्वेअरमध्ये किती?"

उत्तर (सिडको)
'जाड'बद्दल. जाडी बाहेरून दिसते ती प्लॅस्टिकची. पारदर्शक आवरणाच्या केबलमध्ये तर आवरण भिंगासारखं काम करतं आणि आतलं तांबं आहे त्यापेक्षा भरगच्च दिसतं. जाडी बघायची तर टोक कापून समोरून बघा.

तार, वायर, केबल : वापरातला फरक मला असा दिसतो. आतला एकेक धागा म्हणजे 'तार', पीळ दिलेल्या तारांवर आवरण चढलं की 'वायर', आणि दोन वायरी एका अंगाला जोडून आल्या की 'केबल'. बोलताना सगळ्यालाच वायर म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. तारांची संख्या मात्र कामाची आहे. वेष्टनावर ५०/०.२५ लिहिलं असेल तर त्याला 'पन्नास पॉइंट पंचवीस' म्हणतात : ०.२५ मिलिमीटर व्यासाच्या पन्नास तारा. व्यास गुणिले व्यास गुणिले ०.७८५ गुणिले संख्या. उत्तर २.४५, म्हणजे ही खरी अडीचची. ३०/०.२५ निघाली तर १.४७, म्हणजे दीडची. वेष्टनावर काहीही छापलेलं असो, हा हिशेब करून घ्या.

उत्तर (पंचवटी)
हिशेबाआधी धातू बघायला हवा. स्वस्त केबलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा पातळ थर असतो. दुकानात तिलाही 'कॉपर'च म्हणतात. नेमका शब्द 'तांबे चढवलेले अ‍ॅल्युमिनियम'. तेवढ्याच छेदाला तिचा रोध (रेझिस्टन्स) शुद्ध तांब्याच्या साधारण दीडपट, आणि दोनचार वेळा वाकवली की स्क्रूजवळ तुटते.

ओळख सोपी आहे. एक तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी निघाली तर अ‍ॅल्युमिनियम. आता उलट बाजू : बाहेरून चंदेरी दिसणारी प्रत्येक वायर वाईट नसते. तांब्याला कल्हई केलेली असते, भांडी बाजारातल्या पातेल्याला असते तशीच कथलाची. ती खरवडली की आत लाल दिसतं. लाल दिसलेली पांढरी निघाली तर नको, चंदेरी दिसलेली लाल निघाली तर बिनधास्त घ्या.

'ऑक्सिजन-फ्री' या शिक्क्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. वायरीचं साधं तांबं ९९.९ टक्के शुद्ध असतंच. वाहकतेतला फरक जेमतेम एक टक्का. अडीचऐवजी चारची घेतली तर रोध त्याहून कितीतरी जास्त कमी होतो.

प्रश्न (गंगापूर रोड)
मागच्या स्पीकरपर्यंत भिंतीने वर, छताच्या कडेने आणि परत खाली असं १२ मीटर भरतंय. स्पीकर ६ ओहमचे. दीडची चालेल का?

उत्तर (अंबड)
काठावर चालेल. करंट जातो आणि परत येतो, म्हणून १२ मीटरचे २४ धरायचे. तांब्याच्या दीडच्या वायरीचा रोध मीटरला ०.०११५ ओहम, २४ मीटरला ०.२८. अडीचचीचा ०.१७. रूढ नियम असा की वायरीचा रोध स्पीकरच्या ओहमच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, तुमच्यासाठी ०.३. एवढ्यात आवाजाची घट अर्ध्या डेसिबलच्याही आत राहते. स्पीकरचे ओहम प्रत्येक सुराला बदलतात, त्यामुळे वायरीचा रोध वाढला की काही सूर जास्त दबतात आणि स्पीकरचा मूळ तोल जातो. अ‍ॅल्युमिनियमवाली दीडची घेतलीत तर ०.४२ भरेल, ती बाद. भिंत एकदाच फोडायची आहे, तेव्हा अडीचचीच ओढा. पुढच्या तिघांना ३-४ मीटरच लागतात, तिथे दीडची भरपूर.

उत्तर (नाशिकरोड)
जोडणीचे शब्द राहिले. टोक 'सोलायचं' १० ते १२ मिलिमीटर. सोलताना तारा तुटल्या तर तेवढा छेद गेला. मग घट्ट पीळ. लहान स्पीकरच्या स्प्रिंगच्या क्लिपमध्ये अडीचची बऱ्याचदा मावत नाही, आणि लोक तारा छाटून बसवतात. तसं करू नका, पिन-थिंबल (टोकावर चढवायची धातूची बारीक पिन) दाबून लावा. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकाला सोल्डर भरू नये. सोल्डर मऊ असतं, दाबाखाली हळूहळू पसरतं आणि काही महिन्यांत स्क्रू सैल होतो. एखादी तार बाहेर राहून शेजारच्या टोकाला टेकली तर रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडेल.

'फेज' हा शब्द वायरमनशी बोलताना टाळा. त्याच्या लेखी फेज म्हणजे २३० व्होल्टची जिवंत वायर. आपल्याला म्हणायचं असतं की सगळ्या स्पीकरचं प्लस-मायनस एकसारखं हवं. त्याला 'उलटसुलट जोडणी' म्हटलं की लगेच कळतं. एखादा स्पीकर उलटा लागला तर बेस विरतो आणि आवाज कुठून येतोय ते समजत नाही. प्लससाठी केबलच्या एका वायरीवर रेघ, उंचवटा किंवा छपाई असते. खूण सापडली नाही तर वायर रिसीव्हरपासून काढा आणि त्या टोकांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. सेलचं प्लस ज्या वायरीला लावल्यावर वूफरचा (मोठ्या स्पीकरचा) पडदा बाहेर येतो, ती प्लस.

उत्तर (सिडको)
आणखी दोन गोष्टी. 'ढील' मापात धरा : रिसीव्हरमागे एक मीटर, स्पीकरकडे वीतभर. आणि ५.१ मधल्या 'पॉइंट वन'ला, म्हणजे सबवूफरला, सहसा स्पीकर केबल लागत नाही. सबवूफरमध्ये बहुधा स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो, त्याला आरसीए टोकांची (टीव्हीमागे लावतात तशा गोल पिनांची) शील्ड असलेली केबल जाते. वायरमनला 'सहा स्पीकर' सांगितलंत तर तो सहावीही लाल-काळी ओढून ठेवेल. स्पीकर केबलचा पाइप विजेच्या वायरिंगच्या पाइपपासून वेगळा घ्या, २५ मिलिमीटरचा. अडीचच्या तीन जोड्या त्यातून सहज जातात, आणि आत एक जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) तार सोडून ठेवली तर पुढे ७.१ साठीची (आणखी दोन स्पीकरची) जोडीही ओढता येईल.